मूत्राशयाचा कॅन्सर: मुंबईतल्या रुग्णांचे आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात आणि खरे प्रश्न केबिनच्या बाहेर पडल्यावर आठवतात. लिफ्टपाशी, औषधांच्या रांगेत किंवा घरी जाताना मुलीच्या फोनवर विचारले जाणारे ते प्रश्न इथे घेतले आहेत. प्रत्येकाचा आजार वेगळा असतो, त्यामुळे उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते मात्र हे वाचून गेलात तर सोपं पडेल.

लघवीतून एकदाच रक्त गेलं. दुखलं नाही, आपोआप थांबलंही. तरी दाखवायला हवं का?

हो. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचा. न दुखता लघवीतून रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात नेहमीचं पहिलं लक्षण आहे. लघवी गुलाबी, लाल किंवा कोऱ्या चहाच्या रंगाची होते, कधी गुठळ्या पडतात. दोन दिवसांत ती पुन्हा स्वच्छ होते आणि तिथेच घात होतो. गाठीतून रक्त अधूनमधूनच येतं. ते थांबलं म्हणजे गाठ गेली असं होत नाही. दुसऱ्यांदा दिसायला कित्येक महिनेही लागू शकतात.

मुंबईत याची ठरलेली कारणं सांगितली जातात. उन्हाळी लागली असेल, लोकलमध्ये तासभर लघवी दाबून धरली म्हणून असेल, पाणी कमी पडलं, खडा असेल. मग सब्जाचं पाणी होतं, धण्याजिऱ्याचं पाणी होतं, नाक्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या येतात. रक्त थांबतं, कारण ते तसंही थांबणारच होतं. श्रेय सब्जाला जातं आणि वर्ष निघून जातं.

रक्त दिसलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हेही खरं. इन्फेक्शन, मुतखडा, वाढलेलं प्रोस्टेट अशी कारणं जास्त आढळतात. पण ते तपासून ठरवायचं असतं. चाळिशी ओलांडलेली असेल किंवा विडी-सिगारेटची सवय असेल, तर एकदा दिसलेलं रक्तही पुरेसं कारण आहे.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यामुळेच असेल ना?

असं गृहीत धरू नका. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्यांमुळे रक्तस्राव वाढतो, पण आत काहीतरी असल्याशिवाय तो सहसा सुरू होत नाही. कधीकधी या गोळीमुळेच लपलेली गाठ लवकर कळते. तपासणी तीच, सगळी करायची. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट घातलेला असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

काल बीटाची कोशिंबीर खाल्ली होती. रंग त्याचा असू शकतो?

असू शकतो. टीबीच्या रिफाम्पिसिन गोळीनेही लघवी नारिंगी होते. लघवीची साधी रुटीन तपासणी केली की लाल पेशी आहेत की नुसता रंग, ते कळतं. तेवढी करून घ्या.

हा पुरुषांचाच आजार आहे का?

नाही. पुरुषांमध्ये तो साधारण तीन ते चार पट जास्त आढळतो. बायकांमध्ये मात्र निदान उशिरा होतं, आणि माझ्या मते यात दोष बाईपेक्षा आम्हा डॉक्टरांचा जास्त असतो. लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, थोडं रक्त, एवढं ऐकलं की इन्फेक्शनची गोळी लिहून दिली जाते. ती संपली की दुसरी. मुंबईत कामावर जाणारी बाई स्वच्छ संडास मिळत नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, तिला इन्फेक्शन होतंही. म्हणून हे स्पष्टीकरण चटकन पटतं.

अशा वेळी एक प्रश्न विचारा: लघवीचं कल्चर केलं का, आणि त्यात जंतू आले का? जंतू आले नाहीत आणि रक्त तरीही आहे, किंवा कोर्स संपल्यावर पुन्हा आलं, तर पुढची पायरी युरोलॉजिस्टची, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाची आहे. पाळी गेलेल्या बाईला रक्त लघवीतून येतंय की अंगावरून जातंय हे नक्की सांगता येत नसेल, तर दोन्हीकडची तपासणी करून घ्यावी.

कशामुळे होतो?

सगळ्यात मोठं कारण विडी आणि सिगारेट. अंदाजे निम्म्या रुग्णांमध्ये हेच कारण सापडतं. धूर फुप्फुसात जातो मग मूत्राशयाचा काय संबंध, असं बरेच जण विचारतात. धुरातली विषारी रसायनं रक्तात उतरतात, किडनी ती गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी मूत्राशयात तासन्तास साठून राहते. अस्तराला सगळ्यात जास्त वेळ तीच चिकटून असते. निदान झाल्यावर विडी सोडूनही फायदा होतो. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

दुसरं कारण कामाच्या जागेचं. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा कॅन्सर होतो, हे जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच मांडलं होतं. काही रंगांमध्ये, रबर आणि चामड्याच्या उद्योगात वापरलेली ॲरोमॅटिक अमाइन्स ही रसायनं त्याला जबाबदार असतात. संपर्क आणि आजार यांच्यात वीस-तीस वर्षंही जाऊ शकतात. म्हणून लालबाग-परळच्या गिरणीत काम केलेल्या आजोबांनी नुसतं 'गिरणीत होतो' असं न सांगता कोणत्या खात्यात होतो ते सांगावं. कापड रंगवण्याचं काम केलं असेल तर ते केसपेपरवर यायला हवं.

याखेरीज सायक्लोफॉस्फामाइड हे औषध, ओटीपोटाला पूर्वी दिलेला शेक (रेडिएशन) आणि वर्षानुवर्षं ठेवलेली लघवीची नळी यांनीही धोका वाढतो. इजिप्तमध्ये शिस्टोसोमा नावाच्या परजीवीमुळे हा कॅन्सर फार होत असे. आपल्याकडे त्या परजीवीचा नोंदलेला ठिकाणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात होता. कोकणातल्या मंडळींनी घाबरून जाण्याचं कारण नाही, आज मुंबईत येणाऱ्या रुग्णांमागे ते कारण नसतं.

आणि आयुष्यात विडीला हात न लावलेल्यांनाही हा आजार होतो. 'माझ्या वाट्यालाच का' याचं उत्तर प्रत्येक वेळी मिळत नाही.

सोनोग्राफी नॉर्मल आली. मग दुर्बीण कशाला?

कारण सोनोग्राफीत छोटी गाठ निसटते, आणि अस्तरावर सपाट पसरणारा एक प्रकार तर दिसतच नाही. सोनोग्राफी करताना मूत्राशय भरलेलं नसेल तर मोठी गाठही झाकली जाते. दुर्बीण म्हणजे सिस्टोस्कोपी; लघवीच्या वाटेने बारीक कॅमेरा आत नेऊन अस्तर डोळ्यांनी पाहायचं. जोडीला लघवीतल्या पेशींची तपासणी आणि किडनीपासून खालपर्यंतचा सीटी स्कॅन होतो, कारण हेच अस्तर किडनीतही असतं आणि मूत्रवाहिनीतही.

दुर्बीण फार दुखते का?

वाकणारी दुर्बीण असेल तर बधिर करणारी जेली घालून पाचेक मिनिटांत होते. नंतर दिवसभर थोडी जळजळ राहते. लाज वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या खोलीतल्या कुणालाही त्यात काही वाटत नाही.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं आहे का?

नाही. इथे नुसता तुकडा न काढता शक्यतो सगळी दिसणारी गाठच दुर्बिणीतून खरवडून काढतात. या ऑपरेशनला टीयूआरबीटी म्हणतात. पोटावर कुठेही चिरा नसतो, कमरेत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन ते होतं. दोन-तीन दिवस लघवीची नळी राहते. काही रुग्णांना ऑपरेशननंतर २४ तासांच्या आत मूत्राशयात केमोचा एक डोस सोडतात, त्याने गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण कमी होतं.

घरी गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. तेव्हा घाबरू नका, पाणी वाढवा, जड उचलू नका, खड्ड्यांतून रिक्षाचा प्रवास टाळा. गुठळ्या अडकून लघवीच बंद झाली तर मात्र रात्र न काढता इमर्जन्सी गाठा.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं? आम्हाला त्यातलं काही कळत नाही.

घरातल्या एकाने हे उत्तर सावकाश वाचावं. पुढचे सगळे उपचार या एका कागदावर ठरतात.

मूत्राशयाची भिंत थरांची असते. पावसाळ्यात घराच्या भिंतीला ओल आली तर ती रंगापुरती आहे, गिलाव्यात शिरली आहे की विटेपर्यंत पोचली आहे, यावर दुरुस्ती ठरते. इथेही तसंच. गाठ फक्त आतल्या अस्तरात असेल तर 'टीए', अस्तराखालच्या थरात गेली असेल तर 'टी-१', स्नायूत शिरली असेल तर 'टी-२'. स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत गेली तर 'टी-३', शेजारच्या अवयवात गेली तर 'टी-४'. सपाट पसरलेल्या प्रकाराला 'सीआयएस' लिहितात. तो वरवर असूनही आक्रमक असतो.

दुसरी गोष्ट ग्रेड. 'लो ग्रेड' म्हणजे सावकाश चालणारा: पुन्हा पुन्हा उगवतो, पण खोल सहसा जात नाही. 'हाय ग्रेड' म्हणजे खोल जाण्याची क्षमता असलेला. 'ग्रेड' आणि 'स्टेज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाय ग्रेड वाचून चौथी स्टेज समजणारे आणि रात्रभर न झोपणारे नातेवाईक नेहमी भेटतात.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारत नाहीत, आणि तीच विचारायला हवी: पाठवलेल्या तुकड्यात स्नायू होता का? रिपोर्टमध्ये तो 'मस्क्युलारिस प्रोप्रिया' किंवा 'डिट्रुसर' अशा शब्दांत लिहिलेला असतो. स्नायू तपासायलाच गेला नसेल, तर कॅन्सर स्नायूत नाही असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. अशा वेळी, आणि टी-१ असेल तेव्हाही, दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा एकदा दुर्बिणीतून खरवडतात. 'एकदा केलं ना, पुन्हा पैसे कशाला' असं वाटतं. पण दुसऱ्या वेळी उरलेली गाठ सापडण्याचं प्रमाण बरंच असतं, आणि ती सापडली की उपचारांची दिशाच बदलते.

निदानाच्या वेळी साधारण चारपैकी तीन रुग्णांचा आजार स्नायूत गेलेला नसतो. त्यांचं मूत्राशय सहसा वाचवता येतं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. लॅबमधून तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या.

बीसीजी तर लहान बाळांना देतात ना? ती लस इथे कशी?

तीच लस, पण जास्त मात्रेत आणि थेट मूत्राशयात. टीबीवरची ही लस माणसाला पहिल्यांदा १९२१ मध्ये दिली गेली. मूत्राशयाच्या कॅन्सरवर तिचा उपयोग होतो हे १९७६ मध्ये कॅनडातल्या डॉ. अल्वारो मोरालेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. ती कॅन्सरच्या पेशींना स्वतः मारत नाही. मूत्राशयाच्या अस्तरात शरीराची प्रतिकारशक्ती जागी करते, आणि पुढचं काम ती प्रतिकारशक्ती करते. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या उपचारासाठीची बीसीजी बनवते.

सुरुवातीला आठवड्यातून एकदा असे सहा डोस. नंतर ठरावीक महिन्यांनी तीन-तीन डोस, आजाराच्या जोखमीनुसार एक ते तीन वर्षं. बारीक नळीने औषध आत सोडतात आणि दोन तास लघवी रोखून धरायची असते. त्या दिवशी सकाळी चहा-पाणी बेताचं ठेवा, नाहीतर दोन तास निघत नाहीत. नंतर एकदोन दिवस जळजळ, वारंवार लघवी, अंगात कणकण हे अपेक्षित आहे. ताप १०१ च्या वर गेला आणि उतरला नाही तर मात्र कळवा. लघवीत रक्त दिसत असेल, इन्फेक्शन असेल किंवा नळी घालताना जखम झाली असेल तर त्या दिवशी डोस देत नाहीत. पूर्वी टीबी झाला असेल तर आधीच सांगा.

डोसनंतरचे पहिले सहा तास लघवीत जिवंत जंतू असतात. पुरुषांनीही बसून लघवी करायची, संडासात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग पाणी सोडायचं. चाळीत सामायिक संडास आहे आणि बाहेर रांग आहे, तिथे हे कसं करायचं? घरातच एका झाकणाच्या भांड्यात लघवी धरा, त्यात ब्लीच घाला, वीस मिनिटांनी नेऊन ओता. ब्लीच ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

स्नायूत गेलाय म्हणाले. मूत्राशय काढावंच लागेल?

बऱ्याच जणांना हो. पुरुषांमध्ये त्याबरोबर प्रोस्टेट आणि आजूबाजूच्या लसिका ग्रंथी काढतात; बायकांमध्ये बहुतेक वेळा गर्भाशयही. किडनीची तब्येत चांगली असेल तर त्याआधी सिस्प्लॅटिन असलेला केमो देतात. 'आधी गाठ काढा, केमो मग बघू' असा आग्रह घरचे धरतात. पण न दिसणाऱ्या पेशी आधीच रक्तात गेलेल्या असू शकतात, आणि आधी केमो घेणाऱ्यांमध्ये पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण काही टक्क्यांनी वाढलेलं दिसलं आहे. मोठ्या ऑपरेशननंतर तोच केमो सोसत नाही, असंही अनेकांचं होतं.

निवडक रुग्णांमध्ये मूत्राशय ठेवून उपचार होतात: गाठ दुर्बिणीतून शक्य तितकी काढायची, मग शेक आणि सोबत हलका केमो. गाठ एकच असेल, किडनीला सूज नसेल, सपाट आजार फार पसरलेला नसेल, तर हा पर्याय खरोखर विचारात घेण्याजोगा आहे. सर्जनला भेटलात तसं रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटा, मगच ठरवा.

ठरवण्यात महिने घालवू नका, एवढीच विनंती. काढायचं ठरलं आणि तीन महिन्यांहून जास्त उशीर झाला तर निकाल बिघडतो.

पोटावर पिशवी घेऊन लोकलने जाता येतं का?

येतं, आणि लोक जातात. मूत्राशय काढल्यावर आतड्याचा छोटा तुकडा वापरून लघवीची वाट पोटावर काढतात, तिथे चिकटपट्टीची पिशवी बसते. एक-तृतीयांश ते निम्मी भरली की खालच्या तोटीने रिकामी करायची. घरातून निघताना एकदा, पोचल्यावर एकदा. पिशवीची चिकट चकती तीन-चार दिवसांनी बदलतात. मुंबईच्या दमटपणात मे आणि पावसाळ्यात ती लवकर सुटते, म्हणून बॅगेत एक जास्तीची असू द्या. लघवीत पांढरट शेंबडासारखं दिसेल, ते आतड्यामुळे असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवीच्या जागेची खूण करून घ्या, आणि ती झोपून नको. बसून, उभं राहून, वाकून पाहा. साडीच्या निऱ्या जिथे खोवता किंवा पँटचा पट्टा जिथे येतो तिथे छिद्र आलं तर जन्मभर त्रास. ही पाच मिनिटं कुणी आपणहून दिली नाहीत तर मागून घ्या.

देवपूजेचं काय, असं आजी हळूच विचारतात. पिशवी बंद असते, वास येत नाही, आंघोळ रोजची करता येते. पूजा करा.

परळमध्ये टाटा रुग्णालयाच्या परिसरातच ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया या पिशवी वापरणाऱ्यांसाठीच्या संस्थेचं काम चालतं. आधीपासून पिशवी वापरणाऱ्या माणसाशी ऑपरेशनपूर्वी बोलता आलं तर अवश्य बोला.

आतल्या आत नवीन पिशवी करतात, ती चांगली का?

काहींसाठी. आतड्याचं नवं मूत्राशय बनवून लघवीच्या मूळ वाटेला जोडतात. पण त्याला लघवी आल्याचं नीट कळत नाही, घड्याळ लावून जावं लागतं, रात्री अंथरूण ओलं होऊ शकतं, काहींना स्वतः नळी घालून रिकामं करावं लागतं. किडनी चांगली हवी आणि शिकण्याची चिकाटी हवी. बाहेर पिशवी नको एवढ्याच कारणासाठी हा पर्याय घेऊ नये.

नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो का?

होतो. पुरुषांमध्ये ताठरता जाऊ शकते. आजार तसा असेल तर नसा वाचवता येतात. बायकांमध्ये योनीचा पुढचा भाग काढला तर संबंध दुखतात. उपाय आहेत, पण ऑपरेशनआधी विचारलं तरच नियोजनात बसतात. मुलगा किंवा सून सोबत असेल तर त्यांना दोन मिनिटं बाहेर पाठवा आणि विचारा.

शरीरात पसरलाय. आता काही उरलंय का?

पूर्वी केमो एवढंच होतं. आता पेम्ब्रोलिझुमॅब, अवेलुमॅब यांसारखी इम्युनोथेरपी आणि थेट कॅन्सर पेशीपर्यंत औषध पोचवणारी इंजेक्शनं आली आहेत. काहींना त्यांनी वर्षं मिळतात, काहींना काहीच नाही. खर्च प्रचंड असतो. घर किंवा दागिने गहाण ठेवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: याने किती फायदा होण्याची शक्यता आहे, आणि कधी थांबायचं? वेदना आणि रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे उपचार तेव्हाही चालूच असतात.

गोमूत्र, काढे, अल्कलाइन पाणी?

यांपैकी कशानेही गाठ जात नाही. केमो चालू असताना काढ्यांमुळे किडनी बिघडली तर सिस्प्लॅटिन बंद करावं लागतं. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती तर स्वतःच किडनी निकामी करतात आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर करतात. ज्वारीची भाकरी, वरणभात, अंडं, मासे, जे पचतं ते खा. वेगळं पथ्य नाही.

घरात कुणाला लागण होईल? मुलांना होईल?

लागण होत नाही, ताट-वाटी वेगळी करू नका. आनुवंशिक प्रकार थोडे असतात. घरात आतड्याचे आणि गर्भाशयाचे कॅन्सर तरुण वयात झाले असतील तर तेवढं सांगा.

मुंबईत कुठे जायचं, आणि पैशांचं काय?

निदानासाठी थेट टाटाच गाठायला हवं असं नाही. केईएम, नायर, सायन आणि जेजे या चारही ठिकाणी युरोलॉजी विभाग आहे. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे. तिथे जाताना सगळे जुने कागद, सीटीची सीडी, काचपट्ट्या आणि ब्लॉक घेऊन जा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, हेल्पलाइन १५५३८८. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, आधी बिल भरून मग योजना मागायला गेलात तर उपयोग होत नाही. तिथून भागलं नाही तर वैद्यकीय समाजसेवकांकडे जा, ट्रस्टची आणि मुख्यमंत्री सहायता निधीची वाट ते दाखवतात. बाहेरगावच्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या रुग्णालाही बसता येतं, कागद जवळ ठेवा.

सगळं नीट झालं. मग पुन्हा पुन्हा दुर्बीण कशाला?

कारण हा कॅन्सर परत येण्यात पटाईत आहे, आणि लवकर दिसला तर दुर्बिणीतूनच निपटतो. पहिली तपासणी तीन महिन्यांनी, ती चुकवूच नका. कमी जोखीम असेल तर त्यानंतर वर्षातून एकदा, पाच वर्षं. जोखीम जास्त असेल तर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा.

तारखा हमखास चुकतात त्या गणपतीत आणि मे महिन्यात. चाकरमानी गावाला गेलेला असतो, दुखत काही नसतं, 'आल्यावर बघू' म्हणतो. गावाला जायचंच असेल तर आधीची तारीख मागून घ्या, नंतरची नको.